एका वर्षाच्या खंडाची जमीन

दक्षिण कॅन्ससमध्ये मेडिसिन लॉज या गावापासून काही मैलांवर, लाल मातीच्या रस्त्याच्या कडेला, एक लोखंडी फाटक आहे. त्या फाटकाच्या साखळीत चार कुलपे एकमेकांत ओवलेली असत: एक जमीनमालकांचे, एक तिथे गहू करणाऱ्या शेतकऱ्याचे, एक तेलाच्या पंपाची देखभाल करणाऱ्या माणसांचे आणि एक, तीन वर्षांपुरते, आमचे. एकाच्या कडीत दुसऱ्याची कडी अडकवलेली असल्यामुळे चौघांपैकी कोणीही आपले कुलूप काढले की साखळी सुटे आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावण्याची गरज पडत नसे. डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता हातमोजे काढून, गारठलेल्या बोटांनी आकड्यांचे ते कुलूप फिरवताना मला दर वेळी वाटे की एवढी जागा तरी आता आपली झाली. चौथ्या वर्षी त्या साखळीत जुनी तीनच कुलपे राहिली आणि आमच्या जागी नव्या कोऱ्या पितळेचे एक कुलूप आले.

मी मूळचा जुन्नर तालुक्यातला असून गेली अठरा वर्षे डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती आणि पीकरक्षणासाठी तिचा परवानाही होता, परंतु मला ती आठवते ती भिंतीवरच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतर १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो, कारण आपल्याकडे उरलेले रान आणि उरलेली जनावरे यांचा हिशेब तसाच होता. इथला हिशेब वेगळा आहे. इथे हरणांची मोजदाद होते, त्यावरून किती परवाने द्यायचे ते राज्य ठरवते, आणि १९३७ च्या एका संघीय कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांच्या विक्रीवर १० ते ११ टक्के अबकारी कर बसवून तो पैसा राज्यांकडे मुख्यतः वन्यजीवांच्या कामासाठी जातो. हे सगळे शिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. आमच्या घरी आता वर्षाचे बरेचसे मांस शिकारीचे असते, आणि ते कुठून आले, कसे मेले, हे मला ठाऊक असते. माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

आमच्या ओळखीतली दोन-तीन मराठी मुले अलीकडे या वाटेला लागली आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो, की परराज्यात शिकारीला जायचे तर खासगी जमीन भाड्याने घ्यावी की सार्वजनिक जमिनीवर जावे. मी या दोन्ही वाटा चाललो आहे. फोनवर या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

टेक्ससमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न सुरुवातीला पडतच नाही. इथली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे शिकार म्हणजे ‘लीज’, म्हणजे भाड्याने घेतलेली जमीन, हे समीकरण इथल्या माणसाच्या अंगात मुरलेले असते. ऑफिसात नोव्हेंबर उजाडला की ‘या शनिवारी लीजवर जातोय’ हे वाक्य आपल्याकडच्या ‘गावी जातोय’ इतक्या सहजपणे कानावर पडते. पण राज्याबाहेर जायचे ठरवले, कॅन्ससची थोराड हरणे पाहावीत किंवा कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जावे असे मनात आले, की नकाशाचा रंगच बदलतो. कॅन्ससची सुमारे ९८ टक्के जमीन खासगी आहे, तर पश्चिमेकडे गेल्यावर क्षितिजापर्यंत सरकारी जमीन लागते. देशभरात भू-व्यवस्थापन विभागाच्या ताब्यात २४.५ कोटी एकर आणि वनसेवेच्या ताब्यात १९.३ कोटी एकर जमीन आहे. एवढ्या जमिनीवर, नियम पाळून, मला जाता येते आणि त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या सात-बाराच्या गुंठ्यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे पाहिलेल्या माणसाच्या गळी उतरायला वेळ लागतो.

पैसे कशाचे मोजायचे हे मात्र आधी समजून घेतले पाहिजे. या देशात जमीन कोणाचीही असली तरी तिच्यावर चरणारे हरिण जमीनमालकाचे नसते. ते राज्यातल्या जनतेचे आणि राज्य त्याचे विश्वस्त, अशी इथली जुनी धारणा आहे. म्हणजे लीजवर आपण हरिण विकत घेत नाही, फक्त कुंपणाच्या आत येण्याची परवानगी विकत घेतो. हरिण मारण्याची परवानगी राज्याकडून वेगळी घ्यावी लागते, आणि परराज्यातल्या माणसाला ती महाग पडते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात मोंटानाच्या शुल्काचा वाद गेला होता. स्थानिक माणसाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हौसेची शिकार हा असा हक्क नव्हे की जो प्रत्येक राज्याने बाहेरच्यांनाही सारख्याच अटींवर द्यावा, असे न्यायालयाने ठरवले आणि मोंटानाची बाजू उचलून धरली. मला हा निकाल अन्यायाचा वाटत नाही. ज्यांनी त्या रानाच्या शेजारी हिवाळे काढले त्यांचा हक्क आधी, मग पाहुण्यांचा. फक्त आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याने घर सोडण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

आम्ही चौघे होतो. दोघे अमेरिकन, एक तेलुगू मित्र आणि मी. ३२० एकरांचा तुकडा, एकरी १५ डॉलर, म्हणजे वर्षाचे ४,८०० आणि माणशी १,२००. मालक सत्तरीतले सज्जन गृहस्थ होते. दीड पानाचा करार होता: गाडी फक्त आखलेल्या वाटेवरून न्यायची, ओल्या मातीत न्यायचीच नाही, फाटक जसे सापडेल तसे ठेवायचे, पाहुणा आणायचा तर आधी विचारायचे, आणि अपघाताचा विमा चौघांच्या नावाने काढायचा. पैसे १ मार्चपर्यंत.

सही करून आल्यावर मी आप्पांना फोन केला. त्यांना लीज हा शब्द समजावून सांगावा म्हणून मी मोठी प्रस्तावना केली, आणि त्यांनी ती मध्येच तोडली.

“म्हणजे खंडानं घेतलीस म्हण की.”

“हो, तसंच.”

“किती वर्षांचा खंड?”

“एक-एक वर्षाचा. दरवर्षी पुन्हा बोलायचं.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “मग तिथं झाड लावू नकोस.”

मी तेव्हा त्या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आम्ही झाड लावले नाही हे खरे, पण बाकी सगळे केले. ओढ्याच्या वळणावर, जिथे जुनिपरची दाट रांग संपून गवत सुरू होते, तिथे मालकांना विचारून पाऊण एकराचा पट्टा साफ केला आणि हरणांच्या चाऱ्यासाठी क्लोव्हर पेरले. दोन मचाणे बांधली. एक तर मी स्वतः डॅलसच्या गॅरेजमध्ये तुकड्या-तुकड्यांत तयार करून ट्रेलरवर लादून सहा तास ओढत नेले होते. ऑगस्टच्या उन्हात पडलेले कुंपण दोन ठिकाणी उभे केले, कारण मालकांचे गुडघे आता साथ देईनासे झाले होते. त्या तीन वर्षांत तो ओढा मला माझ्या परसासारखा झाला. उत्तरेचा वारा असेल तर हरणे कोणत्या बाजूने उतरतात, रानटर्की कोणत्या झाडावर बसतात, हे मला तोंडपाठ होते. लीजचे मोल करायचे तर ते इथे आहे, आणि जो ते नाकारतो त्याने लीज कधी केलेली नसावी. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याने जी ओळख होते ती दुसऱ्या कशाने होत नाही. शिवाय निवांतपणा असतो. मचाणावर बसल्यावर समोरच्या टेकडीवर जे हलते आहे ते जनावरच असणार, दुसरा शिकारी नव्हे, या खात्रीला मोठी किंमत आहे.

पण परराज्यातल्या लीजमध्ये एक फट आहे आणि मी तिच्यात सापडलो. जमिनीचा खंड मार्चमध्ये द्यायचा. बाहेरच्यांसाठीच्या हरणाच्या परवान्याचा अर्ज एप्रिलमध्ये करायचा. परवाना सोडतीने मिळणार की नाही हे त्यानंतर कळायचे. दुसऱ्या वर्षी माझे नाव निघाले नाही. १,२०० डॉलर आधीच गेलेले होते. डिसेंबरमध्ये बाकीचे तिघे मचाणांवर बसले आणि मी खाली तंबूत स्वयंपाक केला, लाकडे फोडली, आणि त्यांच्यापैकी एकाने मारलेले हरिण सोलायला मदत केली. त्याबद्दल मला खंत नाही. ते चार दिवस सुखाचेच गेले. पण नव्याने लीज घेणाऱ्याला मी हे पहिल्यांदा सांगतो, की दोन वेगवेगळ्या दारांच्या दोन वेगवेगळ्या किल्ल्या लागतात आणि एक हातात आली म्हणून दुसरी येतेच असे नाही.

तिसऱ्या हंगामानंतर मालक वारले. जमीन मुलांकडे गेली. फेब्रुवारीत एक पत्र आले, अगदी सौजन्याचे, की परिसरातल्या बऱ्याच जमिनी एकत्र घेऊन पाहुण्यांना शिकार घडवून आणणाऱ्या एका व्यावसायिकाने एकरी जवळजवळ दुप्पट दर देऊ केला आहे, आणि तुम्हाला तेवढा देणे जमेल का. आम्हाला जमणार नव्हते. त्यांनी काही चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण जमीन त्यांची होती आणि करार एका वर्षाचाच होता. मचाणे उतरवून नेण्यासाठी आम्हाला मार्चअखेरपर्यंत वेळ मिळाला. आम्ही गेलो तेव्हा क्लोव्हर नुकतेच हिरवे होऊ लागले होते, बोटभर उंच, आणि पट्ट्याच्या कडेने रात्रीच्या खुरांचे ठसे होते. गॅरेजमध्ये बांधलेले मचाण मी नटबोल्ट काढून पुन्हा तुकड्यांत केले. घरी येताना ओक्लाहोमा ओलांडेपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. आप्पांचे ते वाक्य मला त्या प्रवासात आठवले.

सार्वजनिक जमिनीकडे मी असा वळलो, तत्त्वासाठी नव्हे. कॅन्ससचीच सोडत पुढच्या वर्षी लागली, परवाना हातात होता आणि जमीन नव्हती. तेव्हा राज्याच्या ‘वॉक-इन’ योजनेचा नकाशा मी पहिल्यांदा नीट उघडला. १९९५ साली सुरू झालेल्या या योजनेत राज्य सरकारच शेतकऱ्यांकडून शिकारीपुरती जमीन भाड्याने घेते आणि परवाना असलेल्या प्रत्येकाला ती हंगामात मोकळी करते. आज या योजनेखाली दहा लाख एकरांहून अधिक जमीन आहे. म्हणजे हीसुद्धा लीजच, पण खंड भरणारा एक जण नसून परवाना काढणारे सगळे मिळून तो भरतात. जमीनमालकाला पैसे मिळतात, त्याला कोणाशी घासाघीस करावी लागत नाही, आणि माझ्या हातात कुलूप नसते. वाहन आत न्यायचे नाही, पायी जायचे, एवढीच मुख्य अट. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. शेत एकाचेच राहून हंगामापुरते त्याचे गायरान होते.

पहिल्या सकाळी मी पाट्या पाहून, नकाशा तीनदा तपासून, गवतात शिरलो तेव्हा मला चोरट्यासारखे वाटत होते. तीन वर्षांची सवय अशी की परवानगी म्हणजे कुलपाचे आकडे, आणि इथे तर नुसते उघडे कुंपण. साडेसातला पश्चिमेकडून दोन जण नारिंगी जाकिटांत चालत आले, मला पाहून त्यांनी हात वर केला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. माझी सकाळ वाया गेली हे खरे, पण त्यांचीही गेली, आणि तरीही त्यांनी हात केला. त्या हंगामात मी पाच वेगवेगळ्या तुकड्यांवर गेलो. चार ठिकाणी काही दिसले नाही. पाचवा तुकडा रस्त्यापासून सर्वांत दूर होता, वाटेत बेचव पाण्याचा एक नाला होता, आणि त्याच्या पलीकडे बहुधा माझ्याखेरीज कोणी जात नव्हते. तिथे सातव्या दिवशी दुपारी तीनला एक मादी मिळाली, माझ्या परवान्यावर चालणारी. लीजवर मला हरणांच्या येण्याच्या वेळा पाठ होत्या. इथे माणसांच्या सवयी पाठ कराव्या लागल्या. माणसे कुठे थांबतात, कुठे परततात, कुठल्या चढाला कंटाळतात, हे कळले की जनावरे कुठे गेली असतील ते कळू लागते.

कोलोरॅडोची गोष्ट याहून मोठी आहे. तिथे जायचे मी आणि माझ्या एका सोबत्याने ठरवले ते व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातल्या फ्लॅट टॉप्स या पठारी मुलखात. त्या मुलखाच्या कडेला ट्रॅपर्स लेक नावाचे एक तळे आहे. १९१९ साली वनसेवेने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण आराखडाकाराला तिथे पाठवले होते, तळ्याभोवती उन्हाळी घरांचे भूखंड आखण्यासाठी. त्याने पाहणी केली आणि वरिष्ठांना सांगितले की इथे काही बांधू नये. ते मानले गेले. आज त्या भागातली सुमारे २ लाख ३५ हजार एकर जमीन ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेली आहे, म्हणजे तिथे मोटार तर नाहीच, पण मांस वाहायला साधी हातगाडीदेखील चालत नाही. त्या तळ्याकाठी उभे राहून मी विचार केला की भूखंड पडले असते तर आज मी इथे उभा नसतो. कोणाच्या तरी व्हरांड्यातून कोणीतरी मला हटकले असते.

पहिल्या वर्षी आम्ही पाच दिवस चाललो आणि रिकाम्या हाताने परतलो. डॅलस समुद्रसपाटीपासून काही शे फुटांवर. तिथून उठून दहा हजार फुटांवर पाठीवर ओझे घेऊन चढणारा माणूस पहिले दोन दिवस केवळ श्वास मोजतो. परवान्यासाठी सोडत नव्हती, नर एल्कचा परवाना थेट विकत मिळाला, पण जो सर्वांना मिळतो तो परवाना घेऊन रानही सर्वांनीच भरलेले असते, आणि अशा परवान्यावर दहांपैकी एक-दोघांनाच यश येते. दुसऱ्या वर्षी आम्ही दोन दिवस आधी जाऊन गावात नुसते राहिलो, शरीराला उंचीची सवय होऊ दिली, आणि वाट संपते तिथून अडीच मैल आत तंबू टाकला.

चौथ्या सकाळी, ॲस्पेनच्या उघड्या बोडक्या झाडांच्या वरच्या अंगाला, एक नर मान खाली घालून उभा होता. कायद्याने किमान एका शिंगाला चार टोके हवीत, किंवा कपाळाजवळचे टोक पाच इंचांचे तरी हवे. दुर्बिणीतून मी मोजू लागलो: एक, दोन, तीन, आणि चौथे फांदीशी मिसळून गेलेले. मी वाट पाहिली. पाच मिनिटे असतील, मला ती खूप मोठी वाटली. त्याने मान उचलून डावीकडे पाहिले तेव्हा आकाशावर चारही टोके सुटी दिसली, आणि पाचवेही. एकच बार लागला. जवळ गेलो तेव्हा त्याच्या नाकपुडीवर दवाचे थेंब होते आणि ते अजून गोठले नव्हते. मी नेहमी करतो तसा हात लावून नमस्कार केला. मग आम्ही दोघांनी बाह्या वर केल्या. पोट फाडताच आतली ऊब वाफेच्या लोटासारखी वर आली आणि माझ्या बोटांची थंडी गेली. मागचे दोन पाय, पुढचे दोन, पाठीच्या दोन पट्ट्या, मानेचे मांस, काळीज, असे सगळे कापडी पिशव्यांत भरून झाडाच्या सावलीला टांगले. मणक्याजवळचे आणि डोक्याचे भाग तिथेच ठेवायचे, कारण हरणांमध्ये पसरणाऱ्या एका असाध्य मेंदूरोगामुळे राज्याच्या सीमेपलीकडे तसे भाग नेण्यावर निर्बंध आहेत. १९६७ मध्ये तो रोग पहिल्यांदा दिसला तो याच राज्यात. जवळपास ८० किलो मांस आणि अडीच मैल. दीड दिवसात प्रत्येकी तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला माझे गुडघे थरथरत होते, आणि मला आठवले की लीजवर मी हरणाजवळ गाडी मागे घेऊन लावत असे.

सार्वजनिक जमीन सर्वांची असते हे म्हणणे सोपे असले तरी तिच्यापर्यंत पोहोचायची वाट बहुतेकदा दुसऱ्या कोणाची तरी असते. पश्चिमेकडच्या राज्यांत दीड कोटी एकरांहून अधिक सार्वजनिक जमीन अशी आहे की जिच्याभोवती सगळीकडे खासगी जमीन असल्यामुळे तिथे कायदेशीरपणे जाताच येत नाही. वायोमिंगमध्ये १८६२ पासूनच्या रेल्वेच्या भूदानांमुळे बुद्धिबळाच्या पटासारखी रचना झाली: एक चौरस मैल खासगी, लगतचा सरकारी, पुन्हा खासगी. सरकारी चौकोनांचे फक्त कोपरे एकमेकांना टेकतात. मिझुरीहून आलेले चार शिकारी, म्हणजे आमच्यासारखेच पाहुणे, २०२१ साली एल्क माउंटनजवळ अशा एका कोपऱ्यावर शिडी टाकून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात उतरले. त्यांचा पाय खासगी मातीला लागला नव्हता. खासगी जमिनीच्या वरच्या हवेतून मात्र त्यांचे शरीर गेले होते, आणि त्यावरून त्यांच्यावर खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. जमीनमालकाने लाखो डॉलरच्या नुकसानभरपाईचा वेगळा दावाही लावला होता. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने, १८८५ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. चार बांध जिथे मिळतात त्या खुणेच्या दगडावरून पलीकडे जाण्याचा वाद एवढ्या वर जाऊ शकतो, हे जुन्नरच्या माणसाला सांगितले तर त्याला मुळीच नवल वाटणार नाही.

त्याच वायोमिंगचा आणखी एक नियम पाहुण्याने घर सोडण्याआधी वाचलेला बरा. तिथल्या संघीय विल्डरनेसमध्ये परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार परवानाधारक वाटाड्याशिवाय किंवा स्थानिक सोबत्याशिवाय करता येत नाही. त्याच रानात नुसते हिंडायला, मासे धरायला मात्र कोणालाही मज्जाव नाही. जमीन साऱ्या देशाची, पण जनावर त्या राज्याचे, आणि नियम त्या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे.

हे सगळे सांगून झाल्यावर तरुण मित्र म्हणतात, मग तुमचे मत सार्वजनिक जमिनीच्या बाजूचे. बहुतांशी तसेच आहे, पण ते माझ्या वयाचे, माझ्या सुट्ट्यांचे आणि अजून चालणाऱ्या माझ्या पायांचे मत आहे. ज्याच्याकडे वर्षाचे चारच दिवस आहेत, ज्याला दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा बरोबर न्यायचे आहे, किंवा ज्याचे गुडघे गेले आहेत, त्याला मी लीजच सुचवीन, आणि तीही शक्य तर दोन-तीन वर्षांच्या लेखी कराराची, मालक बदलला तरी मुदत टिकेल असे कलम घालून. ते कलम आम्ही घातले नव्हते. आणि मचाण उचलून नेता येईल असेच बांधावे. पण ज्याच्याकडे दहा दिवस आहेत आणि चार वेळा रिकामे परतण्याची तयारी आहे, त्याने लीजचे १,२०० डॉलर चांगल्या बुटांवर, नकाशांवर आणि पेट्रोलवर खर्च करावेत. लीजवर मला ३२० एकर कळले. गेल्या सात वर्षांत मला दोन राज्यांच्या पाण्याच्या वाटा, वारे आणि गवते कळली आहेत, आणि ती कोणी मला पत्र पाठवून परत मागू शकत नाही.

हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, कारण जून २०२५ मध्ये सिनेटपुढच्या एका मोठ्या विधेयकात पश्चिमेकडची लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद सुचवली गेली होती. शिकारी, मच्छीमार, गिर्यारोहक असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र उठले आणि ती मागे घेतली गेली. मीही माझ्या दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयांत फोन केले, नाव-गाव सांगून, आणि दोन्हीकडे तिकडच्या तरुण माणसाने ते शांतपणे लिहून घेतले. आमच्या गावचे गायरान मी लहानपणी पाहिले तेव्हा त्यावर दीडशे गुरे सहज चरत. आज तिथे घरे, एक गोदाम आणि मधोमध एक बाभळ उरली आहे. ते एका दिवसात कोणी विकले नव्हते. म्हणून गायरान या शब्दाशी माझे नाते नुसते आठवणीचे नाही.

गेल्या डिसेंबरात आप्पा इथे होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना मी कॅन्ससला घेऊन गेलो, त्याच पाचव्या तुकड्यावर. आत शिकारीखेरीज इतर कामासाठी जाता येत नाही, म्हणून ते रस्त्याच्या कडेला गाडीपाशीच थांबणार होते. पहाट फुटत होती, गवतावर पांढरे दव होते. त्यांनी कानटोपी नीट केली, पाटीजवळ जाऊन तिच्यावरून हात फिरवला आणि विचारले, “हे मालकाचं, की सरकारचं?”

“मालकाचं. सरकारनं खंडानं घेतलंय, सगळ्यांसाठी.”

“किती वर्षांचा खंड?”

मी म्हणालो की ते करारावर अवलंबून असते, पण मालक पुन्हा पुन्हा देतात. त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर खाली गेली. रस्त्याच्या कडेला, जिथे गाड्या लावतात तिथे, मागच्या महिन्यात पाखरे मारायला आलेल्या कोणाची तरी लाल प्लास्टिकची रिकामी काडतुसे गवतात पडली होती. आप्पा एक हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू वाकले आणि त्यांनी एक उचलले, फुंकर मारून माती काढली आणि खिशात टाकले. मग दुसरे. मी बंदूक खांद्याला अडकवून आत जायला निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली आणि गाडीत एखादी पिशवी आहे का म्हणून विचारले. मी परत फिरलो, पिशवी शोधून दिली, आणि त्या सकाळी नाल्यापलीकडे पोहोचायला मला नऊ वाजले.